ऑफिसातील मेलबर्न कपच्या चिठ्ठ्या: डब्यात हात घालावा की नाही?

यारातीरी:

नमस्कार. नोकरीनिमित्त मी गेली तीन वर्षे मेलबर्नमध्ये राहते आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी येथे मेलबर्न कप ही घोड्यांची शर्यत असते आणि तिच्यासाठी अख्ख्या शहराला सार्वजनिक सुट्टी मिळते, हे पुण्यात असताना कोणी सांगितले असते तर माझा विश्वास बसला नसता. आदल्या दिवशी, म्हणजे सोमवारी, आमच्या ऑफिसात बिस्किटांच्या एका जुन्या डब्यात चोवीस घोड्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या घालतात. प्रत्येकाने पाच डॉलर द्यायचे, डोळे मिटून चिठ्ठी काढायची आणि आपला घोडा पहिल्या तिनांत आला तर जमलेल्या पैशांतला वाटा घ्यायचा. पहिल्या वर्षी मला यात भिशीपेक्षा काही वेगळे वाटले नाही. माझा घोडा सतरावा आला आणि मी ते विसरूनही गेले.

दुसऱ्या वर्षी सहकाऱ्यांबरोबर फ्लेमिंग्टनच्या रेसकोर्सवर गेले. पिसांच्या टोप्या घातलेल्या बायका आणि सुटाबुटातले पुरुष आगगाडीतून उतरून फाटकाकडे चालले होते, आणि त्याच फाटकाबाहेर काळे कपडे घातलेली काही माणसे हातात फलक धरून जवळजवळ निःशब्द उभी होती. फलकांवर घोषणा थोड्या होत्या, बाकी घोड्यांची नावे आणि त्यांपुढे वर्षे होती. आमच्यापैकी एकाने त्यांची थट्टा केली, मीही हसले, आणि आत गेल्यावर पहिल्या शर्यतीपासूनच त्या हसण्याची मला लाज वाटू लागली.

या वर्षी शेजारच्या टेबलावरची सहकारी डबा तिच्यापर्यंत आला तेव्हा ‘नको’ एवढेच म्हणाली आणि चहाचा मग घेऊन बाहेर गेली. तिने कोणालाही उपदेश केला नाही, पण मला चिठ्ठी काढवेना. ‘नंतर काढते’ असे सांगून मी वेळ मारून नेली. निदर्शक जे सांगतात त्यातले किती खरे आणि किती अतिरंजित, हे जाणकारांकडून समजून घ्यायचे आहे. पाच डॉलरच्या चिठ्ठीने शर्यतीला खरोखर काही पाठबळ मिळते का, आणि अशा निदर्शनांनी आजवर घोड्यांच्या वाट्याला काही बरे आले का, हेही जाणून घ्यायचे आहे. एम्प्रेस गार्डनला जाता-येता पुण्याच्या रेसकोर्सचे कुंपण मी लहानपणापासून पाहिले आहे. आतल्या घोड्यांविषयी मात्र मला कधी एकही प्रश्न पडला नव्हता, हेही प्रामाणिकपणे सांगते.

फुटस्क्रेकर:

यारातीरी, मी चौदा वर्षे रेसकोर्सपासून दोन-तीन स्टेशनांच्या अंतरावर राहतो, आणि त्यांपैकी गेली सहा वर्षे तुम्ही पाहिलेल्या त्या फाटकाबाहेरच्या गर्दीत उभा असतो. त्यामुळे मी तटस्थ नाही, हे आधीच कबूल करतो.

फलकांवरची नावे खरी होती. १८६१ साली पहिला मेलबर्न कप झाला, त्यातच दोन घोडे मेले होते. अलीकडचे सांगायचे तर २०१३ साली व्हेरेमा या घोडीचा पाय धावताना मोडला. २०१४ साली सर्वांत जास्त पैसे ज्याच्यावर लागले होते तो जपानचा अॅडमायर राक्ती शेवटचा आला आणि तबेल्यात पोहोचताच हृदय बंद पडून कोसळला. त्याच दिवशी आराल्डो हा घोडा शर्यत सुखरूप पूर्ण करून परतत होता. गर्दीतल्या कोणीतरी फडकवलेल्या झेंड्याला तो बुजला, कुंपणावर लाथ बसून मागचा पाय मोडला आणि त्यालाही मारावे लागले. २०१५ साली तीनदा दुसरा आलेला रेड कॅडो जखमी झाला आणि काही आठवड्यांनी गेला. २०१८ साली द क्लिफ्सऑफमोहर शर्यत सुरू झाल्यावर थोड्याच अंतरावर खांदा मोडून थांबला, आणि २०२० साली इंग्लंडची डर्बी जिंकलेला अँथनी व्हॅन डाइक गेला. त्या वर्षी साथीमुळे स्टँड रिकामे होते, म्हणून जखमी घोडा झाकण्यासाठी हिरवे पडदे धरून धावणारी माणसे टीव्हीवर फारच स्पष्ट दिसली.

निदर्शनांनी काय साधले, याचे उत्तर याच टप्प्यावर मिळते. २०२० नंतर नियम कडक झाले. परदेशातून येणाऱ्या घोड्यांच्या पायांचे सीटी स्कॅन सक्तीचे झाले आणि हाडात बारीकशी रेष दिसली तरी घोडा बाद होऊ लागला. २०२४ साली जॅन ब्रूगल या नावाजलेल्या घोड्याला डॉक्टरांनी असेच बाद केले. घोडा ठणठणीत आहे असे त्याचा ट्रेनर जाहीरपणे सांगत राहिला, तरी निर्णय बदलला नाही. २०२१ ते २०२४ या चार कपांमध्ये एकही घोडा दगावला नाही. हे श्रेय केवळ निदर्शकांचे नाही, पण डॉक्टरांना ‘नाही’ म्हणण्याचे बळ लोकांच्या रोषातून आले, असे मला वाटते.

मात्र कप ही वर्षातली एक शर्यत झाली. देशभरातल्या छोट्या-मोठ्या रेसकोर्सांवर दरवर्षी शंभराहून अधिक घोडे मरतात, अशी प्राणिहक्क संघटनांची मोजणी आहे, आणि ते पाहायला तेथे ना कॅमेरे असतात ना फलक. माझ्या बाबतीत निर्णायक ठरली ती मात्र तिसरीच गोष्ट. १७ ऑक्टोबर २०१९ रोजी येथील सरकारी वाहिनी एबीसीने क्वीन्सलँडमधल्या एका कत्तलखान्यातले छुपे चित्रण दाखवले. निवृत्त घोड्यांपैकी एक टक्क्याहूनही कमी घोडे कत्तलखान्यात जातात, असे शर्यतीचे आयोजक तोवर सांगत आले होते. चित्रणात शर्यतीच्या घोड्यांची रांग लागलेली दिसली आणि ज्या राज्यात अशा घोड्यांना कत्तलीसाठी पाठवण्यास बंदी होती, त्या न्यू साउथ वेल्समधलेही घोडे त्या रांगेत होते. तोपर्यंत मी दरवर्षी पैज लावत असे.

पाच डॉलरच्या चिठ्ठीविषयी सांगायचे तर त्यातला एकही सेंट रेसकोर्सला जात नाही, तो तुमच्या ऑफिसातच फिरतो. शर्यतीला त्यातून मिळते ती सवय. ज्या माणसाला घोड्यातले काही कळत नाही, त्यालाही कपच्या दिवशी ‘माझा घोडा’ मिळतो. येथील ‘नप टू द कप’ (म्हणजे ‘कपला नकार’) मोहीम नेमकी या सवयीवर बोट ठेवते, आणि म्हणून त्यांचा भर फाटकापेक्षा त्या दिवशी इतरत्र घेतल्या जाणाऱ्या जेवणांवर आणि सहलींवर अधिक असतो. २००३ साली कपला १,२२,७३६ प्रेक्षक आले होते, २०१९ मध्ये ८१,४०८ आले आणि २०२२ मध्ये ७३,८१६. यानंतर आमच्यातले काही जण विजयाच्या गोष्टी करू लागले होते, पण २०२४ मध्ये आकडा पुन्हा ९१,१६८ वर गेला. लोकमत एका दिशेने सरळ चालत नाही.

नालबंद:

मी पशुवैद्य आहे. उमेदीची अकरा वर्षे पुण्यातल्या तबेल्यांमध्ये गेली, आता निवृत्त आहे. वर दिलेल्या माहितीत चूक नाही, परंतु काही गोष्टींमागचे कारण ठाऊक नसले की एका बाजूला आंधळा राग आणि दुसऱ्या बाजूला आंधळा बचाव उरतो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पाय मोडला म्हणून घोड्याला मारावे का लागते, हा प्रश्न मला शेकडो वेळा विचारला गेला आहे. घोड्याचे वजन सुमारे पाचशे किलो असते. गुडघ्याखाली त्याच्या पायाला स्नायू जवळजवळ नसतातच, नुसती हाडे, स्नायूबंध आणि त्वचा, त्यामुळे तेथे रक्तपुरवठा बेताचा असतो आणि हाडाचे तुकडे झाले की बहुधा त्वचा फाटून जखम उघडी पडते. माणसाप्रमाणे त्याला महिनाभर आडवे ठेवता येत नाही, कारण जास्त वेळ पडून राहिला तर त्याची फुफ्फुसे आणि आतडी बिघडतात. उभा ठेवला तर सगळा भार उरलेल्या पायांवर येतो आणि काही दिवसांत त्या चांगल्या पायाच्या खुरातली हाड धरून ठेवणारी आवरणे सुजून सुटू लागतात. याला लॅमिनायटिस म्हणतात आणि त्याच्या वेदना मोडलेल्या हाडापेक्षा कमी नसतात. काही घोडे शस्त्रक्रियेने वाचतात, हे खरे आहे. परंतु मैदानात पडद्याआड जो निर्णय होतो तो पैसे वाचवण्यासाठीच होतो, असे म्हणणे त्या डॉक्टरांवर अन्याय करणारे आहे.

निदर्शकांचे दुसरे म्हणणे असे की घोड्याला बळजबरीने पळवतात. मी याच्याशी अर्धाच सहमत आहे. मोकळ्या रानात सोडलेला तरुण घोडा कोणी न सांगता कळपाबरोबर भरधाव सुटतो. परंतु तो दमला की थांबतो, आणि जॉकीच्या हातातली छडी त्याने थांबू नये म्हणूनच असते. ऑस्ट्रेलियात छडीला गादी लावणे सक्तीचे आहे आणि शेवटच्या १०० मीटरच्या आधी पाचपेक्षा जास्त फटके चालत नाहीत. शेवटच्या १०० मीटरमध्ये मात्र ही संख्येची मर्यादा उठते, म्हणजे घोडा सर्वांत जास्त थकलेला असतो तेथेच सूट मिळते. सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली दाखवले की त्या टप्प्यावर फटक्यांनी वेग वाढत नाही, आणि २०२० साली असेही दाखवले की घोड्याच्या कातडीत वेदना टिपणाऱ्या मज्जातंतूंची टोके माणसाच्या कातडीइतकीच असतात. घोड्याला चाबूक लागत नाही, हे वाक्य मी तबेल्यात रोज ऐकत असे. माशी बसली तरी ज्याची कातडी थरथरते, त्या जनावराविषयी हे म्हटले जात होते.

मला सर्वांत जास्त जे खुपले ते शर्यतीत नव्हते. शर्यतीचा घोडा पहाटे तास-दीड तास बाहेर निघतो आणि उरलेले जवळजवळ सगळे बावीस-तेवीस तास बारा फुटांच्या खोलीत उभा राहतो. चरणारे जनावर असल्याने त्याच्या पोटात आम्ल सतत सुटत असते, दिवसभर गवत चघळत राहिले तरच ते शमते. आम्ही त्याला दोन-तीन वेळा चंदी देतो आणि मधले तास रिकामे ठेवतो, मग पोटात व्रण होतात. मी तपासलेल्या घोड्यांमध्ये हे दुखणे इतके सर्रास होते की व्रण नसलेला घोडा सापडला तर मी पुन्हा दुर्बीण घालून पाहत असे. पावसाळ्यातल्या एका सकाळी एक तीन वर्षांची घोडी दाराची लाकडी चौकट दातांत धरून हवा गिळत उभी होती. तिचा मोतद्दार, म्हणजे तिची निगा राखणारा माणूस, शेजारी खरारा घेऊन उभा होता. तो मला हळूच म्हणाला, ‘डॉक्टर, हिला काही झालेलं नाही, कंटाळलीय.’ तो रात्री तिच्याच दारासमोर खाट टाकून झोपायचा. अकरा वर्षांत याहून अचूक निदान मी केले नाही.

टोटची खिडकी:

इतके वाचून शर्यत म्हणजे खाटीकखानाच वाटू लागेल, म्हणून दुसरी बाजू मांडतो. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सला मी वडिलांचा हात धरून पहिल्यांदा गेलो त्याला चाळीस वर्षे झाली. थरोब्रेड ही जातच शर्यतीसाठी घडलेली आहे. शर्यती थांबल्या तर हे घोडे रानात मुक्त होणार नाहीत, त्यांची पैदासच बंद होईल. मोतद्दार, नालबंद, रायडिंग बॉय, स्टड फार्मवरचे मजूर अशा हजारो कुटुंबांचे पोट त्यावर चालते. घोड्यांची शर्यत हा जुगार नसून कौशल्याचा खेळ आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली सांगितले आहे.

आणखी एक निरीक्षण नोंदवतो. आपल्याकडे रेसकोर्सविरुद्ध जो आवाज उठतो तो घोड्यासाठी कधी उठलाच नाही, तो जमिनीसाठी उठला. महालक्ष्मीच्या भाडेपट्ट्याची मुदत २०१३ साली संपली तेव्हापासून दहा वर्षे जो वाद झाला, त्यात मोकळी जागा, बाग आणि बांधकाम हेच शब्द होते. २०२४ साली सुमारे १२० एकर जागा उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर रेसकोर्सकडे, अशी वाटणी झाली. सिंगापूरची शर्यत १८० वर्षांहून अधिक जुनी होती, ती ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद पडली तीही घरांसाठी जमीन हवी म्हणून. तेव्हा फलक धरणाऱ्यांनी स्वतःला फार श्रेय घेऊ नये.

आंबेगावकर:

आमच्या घरी तीन पिढ्या बैलगाडा आहे, म्हणून हा धागा वाचताना जीव जळला. २०११ साली बैलाचे नाव खेळ-प्रदर्शनासाठी वापरण्यास बंदी असलेल्या प्राण्यांच्या केंद्राच्या यादीत आले, ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली, आणि बैल शरीररचनेने पळण्याचा प्राणी नाही असे त्यात म्हटले गेले. घोड्याचे नाव त्या यादीत कधीच नव्हते. खिल्लार बैलाने घाटात, म्हणजे आमच्या शर्यतीच्या धावपट्टीवर, काही सेकंदांची बारी मारली की ती क्रूरता, आणि महालक्ष्मीवर सुटाबुटातल्या माणसांसमोर घोडा पळाला की तो खेळ, हे आमच्या गावातल्या एकाही माणसाला कोणी समजावून देऊ शकले नाही. गंमत म्हणजे आमच्या घाटात बैलगाड्यापुढे घोडीही पळते. त्या घोडीबद्दल कोणी अवाक्षर काढले नाही.

तरीही खोटे बोलणार नाही. बंदीपूर्वी पराणी टोचणे, शेपटी पिरगाळणे, चावणे आणि काही ठिकाणी विजेचा झटका देणे हे प्रकार होत होते. मी ते पाहिले आहेत आणि गप्प बसलो आहे. राज्याने २०१७ साली कायदा बदलला, १६ डिसेंबर २०२१ रोजी अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो बदल वैध ठरवला. आता जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, अंतर १००० मीटरपेक्षा जास्त चालत नाही, डॉक्टरांचा दाखला लागतो आणि क्रूरता सिद्ध झाली तर पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद आहे. सगळीकडे हे काटेकोर पाळले जाते असे नाही. पण आमच्या घाटातून पराणी गेली, आणि ती आम्हाला शहाणपण सुचले म्हणून गेली नाही, कोर्टात खेचले म्हणून गेली. ज्यांनी खेचले त्यांना मी तेव्हा शिव्या दिल्या होत्या.

‘टोटची खिडकी’ यांना एकच विचारतो. आमच्या बैलाला सात वर्षे दावणीला बांधून ठेवून आम्ही उत्तर दिले. तुमच्या घोड्याला तो प्रश्न कधी विचारला गेला?

फुटस्क्रेकर:

आंबेगावकर, तुमचा प्रश्न आम्हालाही लागू आहे. फाटकाबाहेर उभे राहणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांनी घोड्याला हात लावलेला नसतो. इंग्लंडमध्ये १५ एप्रिल २०२३ रोजी ग्रँड नॅशनल या अडथळ्यांच्या शर्यतीच्या वेळी निदर्शक कुंपण चढून आत शिरले, शर्यत सुमारे चौदा मिनिटे लांबली, ११८ जणांना अटक झाली आणि पहिल्याच अडथळ्यावर हिल सिक्स्टीन हा घोडा पडून मेला. या गोंधळाने घोडा बिथरला होता, असे त्याच्या ट्रेनरने सांगितले. निदर्शकांनी ते नाकारले, परंतु आराल्डो झेंड्याला बुजला होता हे आठवल्यावर मला ते नाकारणे जमत नाही. पुढच्या वर्षी तेथे घोड्यांची संख्या ४० वरून ३४ केली आणि पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेजवळ आणला, म्हणजे घोडे तेथे पोहोचताना वेग कमी असावा. बदल झाला, हेही खरे. तरी मी कुंपण ओलांडणार नाही.

यारातीरी:

सर्वांचे मनापासून आभार. सोमवारी संध्याकाळी डब्यात एकच चिठ्ठी उरली होती आणि ती माझी होती. मी ती काढली नाही. आयोजक सहकाऱ्याला तसे नीट सांगितले, तो ‘बरं’ म्हणाला आणि चिठ्ठी स्वतः घेतली. कोणाचेही काही बिघडले नाही.

डॉक्टरांचे वाचून मात्र एक गोष्ट डोक्यातून जाईना. पहिल्या वर्षी सतरावा आलेला ‘माझा’ घोडा आता कोठे असेल? येथे प्रत्येक घोड्याची नोंद संकेतस्थळावर असते, म्हणून शोधली. त्याचा जन्म, आईबाप, प्रत्येक शर्यत, त्या दिवशीचे वजन आणि मिळालेले बक्षीस, सगळे तपशील आहेत. गेल्या वर्षीच्या एका शर्यतीत तो अकरावा आला, आणि त्यापुढे फक्त ‘निवृत्त’ असा शब्द आहे. त्याच्या पुढचे कोठे पाहायला मिळते?

फुटस्क्रेकर:

बहुधा कोठेच नाही. २०१९ साली येथील संसदेच्या वरिष्ठ सभागृहाच्या, म्हणजे सिनेटच्या, समितीने देशातल्या सर्व घोड्यांची एकच राष्ट्रीय नोंदवही असावी अशी शिफारस केली, ती नेमकी याचसाठी. शर्यतीच्या घोड्याच्या मानेत मायक्रोचिप असते, पण तो एका हातातून दुसऱ्या आणि दुसऱ्यातून तिसऱ्या हातात गेला की ती चिप वाचून लिहून ठेवायला कोणी बांधील नसतो. तुमचा घोडा एखाद्या राइडिंग स्कूलमध्ये सुखात असेल, अशी शक्यता पुष्कळ आहे. ट्रेनरचे नाव नोंदीत असते. त्याला सरळ पत्र लिहून विचारा. मी आजवर नऊ जणांना लिहिले, चौघांनी उत्तर दिले आणि त्यांपैकी एकाने फोटोही पाठवला.

यारातीरी:

आज सकाळी लिहिले. उत्तर आले तर येथे टाकते.